ठिणगीची भाषांतरे

गेल्या श्रावणात कुड्याची लेणी पाहावीत म्हणून आम्ही एका स्नेह्यांच्या प्रीमियर पद्मिनीतून निघालो. तळा गाव जवळ आले आणि चढावर गाडी मिसिंग करू लागली. गावातल्या मिस्त्रींनी चारही प्लग काढून फडक्यावर ओळीने मांडले. तिघांची टोके करडी-तपकिरी, कोरडी. चौथ्याचे ओल्या काजळीने माखलेले. चारही प्लगांवर आकडा एकच होता, ८. 'आकडा तोच आहे साहेब, पण कंपनी वेगळी,' एवढेच ते म्हणाले. साहित्याच्या विद्यार्थ्याने थबकावे असेच ते वाक्य होते.

स्पार्क प्लगचा इतिहास म्हटले तर साधा आहे. १९०२ साली बॉशच्या कारखान्यात गॉटलोब होनोल्ड याने उच्च दाबाचा मॅग्नेटो आणि त्याला साजेसा प्लग सिद्ध केला, आणि मोटारीच्या ठिणगीला भरवसा आला. पुढचा प्रश्न उष्णतेचा होता. प्लगचे टोक सुमारे ४५० अंश सेल्सिअसच्या वर तापले तरच त्यावरची काजळी जळून जाते. ते ८५० अंशांच्या पलीकडे गेले तर ठिणगीआधीच इंधन पेट घेते आणि पिस्टनला भोक पडण्यापर्यंत मजल जाते. आतल्या चिनी मातीचे नाक लांब असेल तर उष्णता रेंगाळते, तो 'गरम' प्लग. आखूड असेल तर ती लवकर निघून जाते, तो 'थंड'. प्लग निवडणे म्हणजे या दोन संकटांमधली वाट निवडणे होय.

ही वाट आकड्यांत लिहिताना मात्र प्रत्येक कारखान्याने आपापली भाषा घडविली. बॉशच्या जुन्या पद्धतीत आकडा वाढला की प्लग थंड होई; नव्या पद्धतीत तो उलटला, जुना १४५ हा ८ झाला आणि १७५ हा ७. जपानच्या एनजीकेत आकडा वाढेल तसा प्लग थंड. अमेरिकेच्या चॅम्पियनमध्ये वाढेल तसा गरम. बॉशच्या ८ ला एनजीकेत साधारण ५ हा प्रतिशब्द आहे. तेथे ८ च मागणारा फार थंड प्लग घेऊन येतो, आणि तो काजळतो. आमच्या चौथ्या प्लगचे नेमके हेच झाले होते. ते शब्दशः भाषांतर होते.

आपल्याकडे हा घोटाळा दीर्घकाळ जाणवला नाही, याचे कारण बंदिस्त बाजारपेठेत शोधावे लागेल. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापलेल्या प्रीमियर ऑटोमोबाईल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट ११०० निघे. १९७४ पासून तिचे नाव पद्मिनी झाले. प्लग मागायचा तर '१९५१ची मायको', म्हणजे बंगळूरची मोटर इंडस्ट्रीज, हे नाव पुरे होई. एकच भाषा असली की कोशाची गरज पडत नाही. पुढे पद्मिनीचे उत्पादन थांबले, २००८ साली मायकोचे नाव बॉश झाले, आणि दुकानांत नाना देशींचे प्लग आले. तेव्हा समतुल्यतेचे तक्ते आवश्यक ठरले.

पण तक्ताही पुरत नाही. चुडीची लांबी जुळली पाहिजे: जास्त झाली तर प्लग पिस्टनवर आदळू शकतो, कमी पडली तर उघड्या चुडीत कार्बन साचतो. शिवाय १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेरहित पेट्रोल आले आणि टोकाच्या रंगाचे जुने संकेत बदलले. मुंबईच्या टॅक्सी सीएनजीवर गेल्या, तेव्हा फटही कमी ठेवावी लागली. म्हणजे शब्द तोच राहिला तरी संदर्भ हलतो, आणि अर्थ संदर्भातून पुन्हा वाचावा लागतो.

मिस्त्रींनी पत्र्याच्या डब्यातून एक प्लग शोधला, चुडी जुन्याशेजारी धरून मापली, पातीने फट पाहिली आणि तो आधी हातानेच फिरवून बसविला. आकड्याकडे त्यांनी सर्वांत शेवटी पाहिले. ३० ऑक्टोबर २०२३ रोजी मुंबईच्या रस्त्यावरून पद्मिनी टॅक्सी निवृत्त झाली. उरलेल्या गाड्या हौशी मालकांकडे आहेत. त्यांच्यासाठी प्लग पुढेही मिळतील. आम्हांला चिंता वाटते ती जळलेले टोक वाचणाऱ्या नजरेची, कारण ती कोणत्याही तक्त्यात उतरलेली नाही.

त्या दुपारी कुड्याच्या ब्राह्मी लेखांपुढे उभे राहिलो, तेव्हा दात्यांची नावे आम्हांला एकेक अक्षर लावीत वाचावी लागली.