एक शहर, दोन कीर्ती: पिंपरी-चिंचवडच्या श्रीमंतीचा आणि बदनामीचा इतिहास

१/
पिंपरी-चिंचवडविषयी दोन वाक्ये हमखास ऐकू येतात. पहिले, ‘आशियातील सर्वांत श्रीमंत महापालिका’. दुसरे, ‘टक्केवारीशिवाय तिथे फाईल हलत नाही’. एकाच शहराला या दोन कीर्ती कशा लाभल्या? उत्तर गेल्या सत्तर वर्षांच्या इतिहासात आहे. आजचा धागा त्याविषयी.

२/
उद्योगांपूर्वीचे चिंचवड म्हणजे मोरया गोसावींचे समाधीस्थान आणि २२ जून १८९७ रोजी रँडवर गोळ्या झाडणाऱ्या चापेकर बंधूंचे गाव. पिंपरी, भोसरी, आकुर्डी ही शेतीची गावे. पवना आणि इंद्रायणी या दोन नद्यांच्या आधाराने जगणारा हा मुलूख पुण्याच्या छायेत होता.

३/
१९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या साहाय्याने उभा राहिलेला हा सरकारी कारखाना देशासाठी पेनिसिलिन बनवू लागला. स्वतंत्र भारताच्या आत्मविश्वासाचे ते प्रतीक होते. शहराच्या पहिल्या कीर्तीचा उगम इथे आहे आणि तो निखळ अभिमानाचा आहे.

४/
१९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ, म्हणजे आपली ‘एमआयडीसी’, अस्तित्वात आले. पाठोपाठ टेल्को, बजाज ऑटो, बजाज टेम्पो, एसकेएफ असे कारखाने या पट्ट्यात उभे राहिले. १९७० मध्ये पिंपरी, चिंचवड, आकुर्डी आणि भोसरी या चार गावांची मिळून नगरपालिका झाली. ११ ऑक्टोबर १९८२ रोजी तिची महानगरपालिका झाली. चार ग्रामपंचायतींपासून महापालिकेपर्यंतचा प्रवास अवघ्या बारा वर्षांचा!

५/
आता पैशाकडे वळू. महापालिकेचे मुख्य उत्पन्न होते जकात. शहराच्या हद्दीत येणाऱ्या मालावर नाक्यावरच आकारला जाणारा कर. कारखान्यांकडे पोलाद, सुटे भाग, रसायने यांचे ट्रक रात्रंदिवस येत असत आणि प्रत्येक ट्रकमागे तिजोरीत भर पडत असे. शेजारच्या कोणत्याही नगरपालिकेने हेवा करावा असे हे उत्पन्न होते. ‘श्रीमंत महापालिका’ ही बिरुदावली त्यातूनच जन्मली.

६/
या व्यवस्थेचा एक परिणाम मात्र खोलवर झाला. जकात नाक्यावर भरली जाई. सामान्य रहिवाशाला ती थेट दिसत नसे. घरपट्टीची पावती हातात पडली की माणूस विचारतो, ‘माझ्या पैशाचे काय केले?’ जकातीची पावती त्याच्या हाती कधी येतच नव्हती. जगाच्या इतिहासात कर आणि जाब ही जोडी वारंवार दिसते. इथे कर देणारा कारखाना होता आणि मत देणारा नागरिक. दोघांची गाठ क्वचितच पडली.

७/
दुसरा धागा जमिनीचा. कामगारांना परवडणारी घरे मिळावीत, वसाहत आखीव व्हावी, या हेतूने १९७२ मध्ये पिंपरी-चिंचवड नवनगर विकास प्राधिकरण स्थापन झाले. निगडी-आकुर्डीचा परिसर आजही नुसता ‘प्राधिकरण’ म्हणून ओळखला जातो. रुंद रस्ते, क्रमांकांनी ओळखल्या जाणाऱ्या पेठा, झाडांच्या रांगा: शहराच्या देखण्या छायाचित्रांत हाच भाग दिसतो.

८/
पण माणसे आराखड्यापेक्षा वेगाने आली. शहराची लोकसंख्या १९९१ मध्ये सव्वापाच लाखांच्या आसपास होती. २००१ मध्ये ती दहा लाखांच्या घरात गेली आणि २०११ मध्ये सतरा लाखांवर पोहोचली. मराठवाडा, विदर्भ, खानदेश, उत्तर भारत, सगळीकडून माणसे कामासाठी येत होती. कारखान्यांसाठी भूखंड आखून ठेवलेले होते. कामगारांची घरे मात्र त्या प्रमाणात बांधली गेली नाहीत.

९/
ही पोकळी गुंठ्यांनी भरून काढली. ज्या शेतकऱ्याची जमीन आरक्षणात किंवा संपादनाच्या यादीत होती, त्याला ती सरकारकडे जाण्याआधी विकणे सोयीचे वाटे. ज्या कामगाराला प्राधिकरणाचे घर मिळत नव्हते, त्याला अर्धा-एक गुंठा परवडे. कागद म्हणजे कधी नोटरीचा करारनामा, कधी कुलमुखत्यारपत्र. मग भिंती उठत, वर पत्रा पडे, पुढे स्लॅब येई. पाणी, वीज, रस्ता मिळवून देणारा स्थानिक पुढारी लागे. मतपेढी इथेच बांधली गेली.

१०/
आता दुसऱ्या कीर्तीची जागा लक्षात येईल. जे घर कागदावर बेकायदा आहे, त्यात राहणारा माणूस हक्काने काही मागू शकत नाही. त्याला कृपा मागावी लागते. नळजोड ही कृपा, ‘कारवाई होऊ देणार नाही’ हे आश्वासनही कृपाच. आणि कृपेला नेहमी किंमत असते. भ्रष्टाचार हा केवळ काही माणसांच्या लोभाचा विषय नसतो. लाखो लोकांना नियमबाह्य ठेवणारी व्यवस्था त्या लोभाला रोजचे गिऱ्हाईक पुरवते.

११/
श्रीमंती आणि बदनामी यांची गाठ पडण्याचे एक ठिकाण म्हणजे स्थायी समिती. महापालिका अधिनियमानुसार सोळा सदस्यांची ही समिती मोठ्या निविदांना मंजुरी देते. तिचे निम्मे सदस्य दरवर्षी निवृत्त होतात, त्यामुळे तिच्यावर वर्णी लागण्यासाठी चढाओढ असते. तिजोरी जितकी भरलेली, तितकी ही खुर्ची मोलाची. ‘टक्केवारी’ हा शब्द शहराच्या राजकीय बोलीत रुजला, त्याचे कारण या रचनेतही आहे.

१२/
२०११ च्या सुमारास दोन्ही चेहरे एकाच वेळी ठळक झाले. केंद्राच्या जेएनएनयूआरएम योजनेतून उड्डाणपूल, रस्ते, बीआरटी मार्ग झाले आणि शहराला ‘बेस्ट सिटी’ हा सन्मान मिळाला. याच योजनेत पवना धरणातून बंद जलवाहिनीने पाणी आणण्याचा प्रकल्प होता. त्याला विरोध करणाऱ्या मावळातील शेतकऱ्यांवर ९ ऑगस्ट २०११ रोजी द्रुतगती मार्गावर पोलिसांनी गोळीबार केला. तिघांचा मृत्यू झाला. त्यांत एक महिला होती. शहराच्या देखणेपणाची किंमत हद्दीबाहेरच्या माणसांनीही मोजली, याची ही नोंद.

१३/
२०१२ मध्ये श्रीकर परदेशी आयुक्त म्हणून आले. अनधिकृत बांधकामांविरुद्धची त्यांची मोहीम गाजली. महापालिकेने उच्च न्यायालयात अशा बांधकामांचा जो आकडा मांडला तो साठ हजारांच्या वर होता. फेब्रुवारी २०१४ मध्ये, कार्यकाळ पूर्ण होण्याआधीच, त्यांची बदली झाली. बदलीविरुद्ध नागरिक रस्त्यावर उतरले. दुसरीकडे, घरावर बुलडोझर येईल या धास्तीत रात्री काढणारी कुटुंबेही याच शहरातली होती. दोन्ही बाजूंच्या लोकांचे म्हणणे खरे होते. म्हणूनच हा प्रश्न ‘प्रामाणिक अधिकारी विरुद्ध भ्रष्ट पुढारी’ एवढ्या सोप्या कथेत मावत नाही.

१४/
मग आला शास्तीकर. ४ जानेवारी २००८ नंतरच्या अनधिकृत बांधकामांवर मालमत्ताकराच्या दुप्पट दंड. गंमत पाहा: हा कर भरला तरी घर नियमित होत नव्हते. सरकार ज्या घराला बेकायदा म्हणत होते, त्याच घराकडून दरवर्षी वसुली मागत होते. २०१९ मध्ये लहान घरांना सवलत मिळाली आणि २०२३ मध्ये पिंपरी-चिंचवडपुरता हा कर माफ झाला. मधल्या काळातील प्रत्येक निवडणुकीत तो प्रचाराचा मुद्दा होता.

१५/
दरम्यान १ एप्रिल २०१३ पासून जकात जाऊन एलबीटी आला आणि २०१७ मध्ये जीएसटी. ‘श्रीमंती’चा जुना झरा आटला. त्याच वर्षी महापालिकेत सत्तापालट झाला. भ्रष्टाचार हा प्रचाराचा मुख्य मुद्दा होता. ऑगस्ट २०२१ मध्ये लाचलुचपत प्रतिबंधक विभागाने महापालिका मुख्यालयात छापा घालून स्थायी समितीच्या तत्कालीन अध्यक्षांना आणि काही कर्मचाऱ्यांना लाचेच्या आरोपावरून अटक केली. आरोपाचा निवाडा हे न्यायालयाचे काम. इतिहासाच्या विद्यार्थ्याने एवढेच टिपावे की पक्ष बदलला, तरी संशयाची जागा तीच राहिली.

१६/
ही कथा केवळ आपली नाही. विवेकानंदांच्या भाषणामुळे १८९३ चे शिकागो आपल्याला ठाऊक आहे. ज्या जागतिक प्रदर्शनाच्या निमित्ताने ती धर्मपरिषद भरली, त्याच्या शुभ्र प्रासादांना ‘व्हाइट सिटी’ म्हणत. ते प्रासाद बहुतांशी प्लास्टरसारख्या मिश्रणाचे, तात्पुरते होते. त्याच शिकागोत परवाने विकणारे नगरसेवक ‘ग्रे वुल्व्ज’ या नावाने कुप्रसिद्ध होते. पत्रकार लिंकन स्टेफन्स यांनी १९०४ च्या ‘द शेम ऑफ द सिटीज’ या पुस्तकात अमेरिकी शहरांचा असा शोध घेतला. त्यांचा रोख केवळ पुढाऱ्यांवर नव्हता. सवलत हवी असणारा व्यापारी आणि सोय म्हणून डोळेझाक करणारा नागरिक यांनाही त्यांनी हिशेबात धरले.

१७/
२०२५ मध्ये दोन घटना घडल्या. फेब्रुवारीत चिखली-कुदळवाडी भागातील भंगाराची गोदामे आणि छोटे कारखाने मोठ्या मोहिमेत पाडले गेले. मे महिन्यात इंद्रायणीच्या निळ्या पूररेषेतील ३६ बंगले राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या आदेशानुसार जमीनदोस्त झाले. नदीच्या दृष्टीने हा निर्णय योग्यच. प्रश्न उरतो तो असा: बांधकाम एका रात्रीत उभे राहत नाही. मग ते उभे राहत असताना पाहणाऱ्या यंत्रणेचे काय? बुलडोझर भिंत पाडतो. ती भिंत उठू देणारी सही शाबूत राहते.

१८/
हाच आराखडा आज उत्तरेकडे सरकला आहे. १६६० मध्ये फिरंगोजी नरसाळ्यांनी शायिस्तेखानाच्या फौजेला जिथे झुंजवले, ते चाकण आता मोटारउद्योगाचे केंद्र आहे. एमआयडीसीत जागतिक नावांचे कारखाने आहेत. महाळुंगे, खराबवाडी, नाणेकरवाडीत कामगारांच्या खोल्यांच्या चाळी आहेत आणि त्यांचा भार गावपातळीवरच्या व्यवस्थेवर आहे. भूखंड आधी, घरे नंतर. पन्नास वर्षांपूर्वी पिंपरीत हेच घडले होते.

१९/
तात्पर्य असे. पिंपरी-चिंचवडचा चकचकीत चेहरा खोटा नाही. ते रस्ते, ते कारखाने, ती रोजीरोटी खरी आहे. बदनामीही पोकळ नाही. दोन्हींचे मूळ एकच: उद्योगासाठी आखलेले आणि माणसांसाठी अपुरे ठेवलेले शहर. पुरस्काराने ही दरी झाकली जाते, छाप्याने ती क्षणभर दिसते. ती बुजते ती घर कायदेशीरपणे मिळू लागल्यावर आणि कर देणाऱ्याने हिशेब मागितल्यावर.

२०/
शेवटी एक विनंती. या पट्ट्यात राहत असाल तर घरातील जुने कागद फेकू नका. गुंठ्याचा करारनामा, जमीन संपादनाची नोटीस, शास्तीकराचे बिल, कारखान्याचे ओळखपत्र. महापालिकेच्या स्मरणिकेत श्रीमंतीचा इतिहास सापडेल. उरलेला इतिहास तुमच्या कपाटातल्या त्या पिशवीत आहे. घरातील मोठ्यांना विचारा, की पहिला नळ कधी आला आणि त्यासाठी कोणाकडे जावे लागले. त्या उत्तरात शहराचे दोन्ही चेहरे दिसतील.