धर्माजी प्रतापराव

बीड भागातील १८१८ च्या उठावाचे म्होरके. निजाम सिकंदर जाहच्या राजवटीत नवाब मुर्तझा यार जंगाचा रिसाला (घोडदळ) लेफ्टनंट सदरलँड या इंग्रज अधिकाऱ्याच्या हुकमाखाली त्यांच्यावर धाडला गेला. धर्माजी व त्यांचे बंधू पकडले गेले आणि उठाव मोडला. त्यांना निव्वळ लुटारू मानणे पुराव्याला धरून नाही. चार दरोडेखोरांसाठी असा रिसाला लागत नाही. पेंढारी या लुटारू टोळ्यांवरही फौजा गेल्या होत्या, हा आक्षेप रास्त आहे. परंतु पेंढारी मुलूख लुटून पुढे सरकत. धर्माजींनी एकाच मुलखात दीर्घकाळ झुंज दिली. १८१८ मध्येच शेजारची पेशवाई बुडाली, आणि बीडमध्ये १८५८ व १८९८ मध्ये पुन्हा उठाव झाले. म्हणजे असंतोष एका टोळीपुरता नसावा. म्हणून केवळ जेत्यांच्या नोंदींवरून धर्माजींचा हेतू ठरवणे अन्यायाचे आहे.