एका लांबलचक शब्दाचा विग्रह

'न्यूमोनोअल्ट्रामायक्रोस्कोपिकसिलिकोव्होल्कॅनोकोनिओसिस' हा मोठ्या इंग्रजी कोशांतला सर्वांत लांब शब्द मानला जातो. रोमन लिपीत ४५ अक्षरे, उच्चारात १९ अवयव. अर्थ: सिलिकाची अतिसूक्ष्म धूळ फुप्फुसात साचून होणारा विकार. शब्द वैद्यकीय दिसतो खरा, पण तो घडला दवाखान्याबाहेर. फेब्रुवारी १९३५मध्ये न्यूयॉर्कला नॅशनल पझलर्स लीग या कोडेप्रेमींच्या संस्थेचे अधिवेशन भरले. तेथे अध्यक्ष एव्हरेट स्मिथ यांनी तो पुढे केला.

विग्रह असा. ग्रीक 'न्यूमोन' म्हणजे फुप्फुस. लॅटिन 'अल्ट्रा' म्हणजे पलीकडे. ग्रीक 'मिक्रोस' सूक्ष्म, 'स्कोपेइन' पाहणे. लॅटिन 'सिलेक्स' म्हणजे गारगोटी. 'व्होल्कॅनो'त रोमनांचा अग्निदेव व्हल्कन. शेवटी ग्रीक 'कोनिस' म्हणजे धूळ आणि विकारवाचक 'ओसिस'. उच्चाराचे तुकडे मात्र या सांध्यांवर पडत नाहीत. 'न्यूमोन'चा अखेरचा न् जोडस्वर 'ओ'शी मिळून 'नो' होतो आणि सांधा त्या 'नो'च्या पोटात जातो. आपण 'वि-द्या-लय' म्हणतो तेव्हा विद्या आणि आलय यांची सीमा अशीच 'द्या'त लपते. त्यामुळे १९ अवयव घोकून शब्द पाठ होतो, रोग कळत नाही.

खरे तर त्यासाठी शब्द होताच. १८६६मध्ये जर्मन विकृतिशास्त्रज्ञ त्सेंकर यांनी 'न्यूमोनोकोनिओसिस' योजला: फुप्फुस, धूळ, विकार. नव्या शब्दात याच्या मधोमध बाकीचा ऐवज भरलेला दिसतो. त्यातले 'सिलिको' तेवढे कामाचे. 'व्होल्कॅनो' निव्वळ भरताड. हा विकार मुख्यतः खाणीत, बोगद्यात, दगड फोडताना जडतो. तेथे ज्वालामुखी कोठला?

त्याच काळात वेस्ट व्हर्जिनियातील हॉक्स नेस्ट बोगद्याचे मजूर सिलिकाच्या धुळीने मरत होते. १९३०मध्ये युनियन कार्बाइडच्या उपकंपनीसाठी हा बोगदा खणायला सुरुवात झाली होती. मजुरांत बहुसंख्य कृष्णवर्णीय होते. १९३६च्या संसदीय सुनावणीत मृतांचा आकडा ४७६ सांगितला गेला. त्यांच्या दुखण्याला 'सिलिकोसिस' हा चार अवयवांचा शब्द पुरेसा होता.

भारताच्या १९४८च्या कारखाने अधिनियमाच्या तिसऱ्या अनुसूचीतही हाच आटोपशीर शब्द होता. मध्य प्रदेशातल्या मंदसोरला पाटीवरच्या पेन्सिली कापणाऱ्या कामगारांना तो डॉक्टरांकडून ऐकावा लागला. अशाच पेन्सिलींनी कित्येक मुलांनी पाटीवर अक्षरे गिरवली.