स्क्रीन झोपल्याची खबर

संगणकाची स्क्रीन बंद झाली, हे त्यावर चालणाऱ्या प्रोग्रामला कळतं कसं? सतत आलेख किंवा अ‍ॅनिमेशन काढणाऱ्या प्रोग्रामला ते कळायलाच हवं. नाहीतर कोणी बघत नसताना बॅटरी फुकट जाते.

जुन्या पिक्चर ट्यूबच्या मॉनिटरवर एकच चित्र तासन्‌तास राहिलं, की फॉस्फरवर त्याचा कायमचा डाग पडे. त्यावर उपाय म्हणून जॉन सोचा यांचा ‘स्क्रनसेव्ह’ हा प्रोग्राम डिसेंबर १९८३ मध्ये ‘सॉफ्टॉक’ मासिकात छापून आला. तीन मिनिटं कीबोर्डला हात लागला नाही, की स्क्रीन काळी! डाग टळला, पण मॉनिटर चालूच राही आणि वीज खातच राही.

विजेचा प्रश्न १९९२ मध्ये अमेरिकेच्या ‘एनर्जी स्टार’ योजनेने ऐरणीवर आणला. पुढच्याच वर्षी मॉनिटरची वीज वाचवण्यासाठी ‘व्हेसा’ या मानकं ठरवणाऱ्या संस्थेचं डीपीएमएस हे मानक आलं. त्याची युक्ती साधी होती. मॉनिटरला आडव्या आणि उभ्या जुळणीचे दोन सिग्नल सतत लागतात. आडवा थांबवला की स्टँडबाय, उभा थांबवला की सस्पेंड, दोन्ही थांबवले की ऑफ. मात्र हा हुकूम एकतर्फी होता. मॉनिटरने तो पाळल्याची पोच परत येत नसे.

विंडोजमध्ये सुरुवातीला मॉनिटर बंद होण्याचा संदेश समोर उघड्या असलेल्या खिडकीलाच मिळे. मागचे प्रोग्राम अंधारात. विंडोज व्हिस्टापासून कोणताही प्रोग्राम आपलं नाव नोंदवून ही सूचना मागू शकला. विंडोज ८ ने तीन अवस्था दिल्या: ० म्हणजे बंद, १ म्हणजे चालू, २ म्हणजे मंद. मॅकवर २००९ च्या स्नो लेपर्डपासून स्क्रीन झोपल्याची आणि जागी झाल्याची सूचना मिळते. लिनक्समध्ये मॉनिटरच्या प्रत्येक जोडणीसाठी ‘डीपीएमएस’ नावाची एक फाइल असते. ती वाचली की ‘ऑन’ किंवा ‘ऑफ’ असं उत्तर मिळतं.

या सूचना संगणकाने काय ठरवलं तेवढंच सांगतात. तुम्ही बटण दाबून मॉनिटर बंद केलात, तरी फाइलमध्ये ‘ऑन’च राहू शकतं. डीडीसी-सीआय मार्गाने थेट मॉनिटरला विचारता येतं, पण सगळेच मॉनिटर धड उत्तर देत नाहीत.

म्हणून प्रोग्राम लिहिणाऱ्यांना आग्रहाने सांगावंसं वाटतं: दर सेकंदाला टायमर लावून चौकशी करू नका, सिस्टीमची सूचना मागून घ्या. ती आली की चित्र काढणं थांबवा. पण माणूस उठून गेला असं समजून त्याचं काम बंद पाडू नका.