गुऱ्हाळ आणि अर्धा र

आमचा दौंड-शिरूरकडचा भाग उसाचा. गुऱ्हाळ हा शब्द तिकडच्या पोरांना शाळेत शिकवावा लागत नाही. संगणकाला मात्र शिकवावा लागला!

हिंदीला ना ळ लागतो, ना तो चंद्रकोरीसारखा अर्धा र. त्यामुळे देवनागरीची सोय झाली म्हणजे मराठीची झाली, असं नाही. 'आचार्यांना बोलवा' आणि 'आचाऱ्यांना बोलवा' यांत पानावर कोण बसणार नि चुलीपाशी कोण, एवढा फरक आहे. 'ॲ'ला तर युनिकोडमध्ये स्वतःची जागा मिळायला २००८ उजाडलं.

युनिकोड रुळण्याआधी शिवाजी, किरण असे फॉन्ट होते. पाठवणाऱ्याकडे सुरेख दिसणारं पत्र, समोरच्याकडे तो फॉन्ट नसला की नुसती चिन्हांची खिचडी. मग काय, ख्यालीखुशाली रोमन लिपीत.

तरी लोक जमलेच. १९९६ला मायबोली, २००४ला मनोगत, २००७ला मिसळपाव. या आभासी गावांत शब्दांची बारशी काय झकास झाली! खरडवही काय, व्यक्तिगत निरोपाचा 'व्यनि' काय. माझा लाडका शब्द मायबोलीवरचा, 'विचारपूस'. दुसऱ्याच्या पानावर निरोप ठेवायची ही जागा. इंग्रजीला प्रतिशब्द शोधत बसण्यापेक्षा, आपल्याकडे माणूस कुणाच्या दारात गेला की काय करतो, तेच नाव देऊन टाकलं. आणि चर्चा लांबली की तिचं गुऱ्हाळ, हे तर ठरलेलंच.

असो. गोम पुढेच आहे. युनिकोडला अर्धा र दोन प्रकारे चालतो. ऱ चा पाय मोडून, किंवा साध्या र चा पाय मोडून त्यापुढे एक न दिसणारं जोडचिन्ह देऊन. डोळ्यांना दोन्ही सारखेच. अक्षर न् अक्षर जुळवून शोधणाऱ्या साध्या यंत्राला मात्र ते दोन निरनिराळे शब्द वाटतात.

आजोबांच्या गुऱ्हाळाच्या आठवणी काकांनी पूर्वी टाइप करून ठेवल्या होत्या. गेल्या वर्षी शोधल्या तर एकही सापडेना. घरात हळहळ झाली, गेल्या म्हणून. भाचीने तोच शब्द दुसऱ्या प्रकारे टाइप केला, आणि सात फायली समोर! आजोबा नाहीत, त्यामुळे त्या पुन्हा लिहून मिळणाऱ्या नव्हत्या.

आणखी तीन फायली जुन्या फॉन्टातल्या आहेत, त्या अजून उघडून वाचता येत नाहीत. नातेवाईकांपैकी कुणाकडे त्या काळचा संगणक माळ्यावर पडला असेल, तर भंगारात देण्याआधी फोन करा.