शेजघराचें दार

रात्रीं निजतांना शेजघराचें दार लावावें कीं उघडें ठेवावें, हा प्रश्न वरकरणी क्षुल्लक वाटतो. पण कोल्हापूरच्या जुन्या वाड्यांची रचना डोळ्यांपुढें आणली, म्हणजे ध्यानांत येतें कीं, हा प्रश्न पडण्याचें भाग्य पूर्वीं फार थोड्यांच्या वांट्याला येई; कारण स्वतंत्र शेजघर हेंच मुळीं दुर्मिळ होतें.

वाड्याचा मुख्य दरवाजा दिवेलागणीनंतर मिटे. मग उशिरां येणाऱ्यानें दिंडींतून वांकून आंत यावयाचें. आंतून अडसर सरकला कीं घराची रात्र सुरू होई. पुरुषमंडळी सोप्यावर, बायकामुलें माजघरांत ओळीनें निजत. मधलीं दारें बहुधा उघडींच असत. पोर रडलें किंवा म्हाताऱ्याला खोकल्याची उबळ आली, तर दहा जणांना जाग येई. यांत आधार होता, तसा जाचहि होता. नव्या सुनेनें नवऱ्याशीं चार शब्द बोलण्यासाठीं दार लोटून घेणें, ही धिटाई ठरे.

जो नियम घराचा, तोच नगराचा. कोल्हापूरला तट होता, वेशी होत्या. गंगावेस, रंकाळा वेस हीं नांवें आजहि लोकांच्या तोंडीं आहेत. वेस मिटली कीं गांव निर्धास्त, अशी समजूत होती. परंतु डिसेंबर १८५७ मध्यें बंडवाल्यांनीं शहराच्या वेशी आंतून लावून घेतल्या, तेव्हां कर्नल जेकब यानें वेस फोडून शहरांत प्रवेश केला. पुढें छत्रपतींचे बंधु चिमासाहेब यांना कराचीस नेऊन ठेवण्यांत आलें, आणि १८६९ सालीं ते तेथेंच वारले. त्याच्याहि पूर्वीं, १६७३ सालीं, शेजारच्या पन्हाळ्यावर कोंडाजी फर्जंद साठ निवडक गड्यांनिशीं रात्रीं चढून गेला आणि गड हस्तगत झाला. तात्पर्य, दार कितीहि भक्कम असलें तरी त्याच्या भरंवशावर गाढ झोंपणें शहाणपणाचें नव्हे.

याच्या अगदीं उलट टोंक नेवासें तालुक्यांतील शनि-शिंगणापुरास दिसतें. चोरी करणाऱ्यास शनिदेव शासन करतो, या श्रद्धेनें तेथील घरांना पिढ्यान्‌पिढ्या दारेंच नसत. २०११ सालीं त्या गांवीं बँकेची शाखा उघडली, तिलाहि नेहमीसारखें कुलूप नव्हतें. म्हणजे दार हें केवळ लांकडाचें नसतें. शेजाऱ्यावरील विश्वासाचें तें माप असतें.

जुन्या घरांत एक खोली मात्र कटाक्षानें बंद ठेवीत, ती बाळंतिणीची. वारा लागेल, दृष्ट लागेल, म्हणून फटींतहि चिंध्या कोंबीत आणि बाजेखालीं निखाऱ्यांची शेगडी ठेवीत. हेतु मायेचा होता. परंतु कोंडलेल्या खोलींत निखाऱ्यांपासून कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायु सांचतो. त्याला वास नाहीं, रंग नाहीं. माणूस गुंगींत जातो आणि ओरडण्याचेंहि त्राण उरत नाहीं. अशा मृत्यूंचा दोष किती घरांनीं नशिबाच्या माथीं मारला असेल! थंडीच्या दिवसांत बंद खोलींत शेगडी ठेवून निजणें आजहि तितकेंच घातक आहे.

तथापि बंद दाराच्या बाजूनेंहि एक मोठी गोष्ट सांगितली पाहिजे. अमेरिकेंतील अग्निसुरक्षा-संशोधकांनीं प्रत्यक्ष आगी लावून प्रयोग केले. त्यांत असें दिसलें कीं, घराच्या दुसऱ्या भागांत आग लागली असतां शेजघराचें दार मिटलेलें असेल, तर धूर व उष्णता बराच काळ बाहेर अडतात. तेवढी उसंत कित्येकदां जीव वांचविण्यास पुरते. उलट दारेंखिडक्या सर्वच बंद केल्यास हवा कोंदते. म्हणून दार लावावें, पण खिडकी किलकिली ठेवावी.

तेव्हां शेगडी बाहेर, दार मिटलेलें, खिडकी उघडी आणि कडी मात्र न लावलेली, हा मार्ग मला सुज्ञपणाचा वाटतो. लहान मूल किंवा आजारी माणूस पलीकडे निजलेलें असेल, तर मधलें दार लोटावें कीं नाहीं, हें घरच्यांनींच ठरवावें. आपल्या आज्यांनीं उघड्या दाराशीं अंथरूण घातलें, तें भीतीपोटीं नव्हे. घरांतल्या प्रत्येकाची हाक आपल्या कानीं पडावी म्हणून. आपण दार अवश्य लावूं या. पण ती हाक ऐकूं येईल इतका कान मात्र जागा ठेवूं या.