रत्नागिरी जिल्ह्यातील परसबागेतील कुक्कुटपालन : गावठी कोंबडी व सुधारित जाती यांच्या निवडीचा इतिहास

प्रस्तावना

घोडा, हत्ती आणि बैल यांना इतिहासलेखनात मानाचे स्थान मिळाले. कोंबडीला ते मिळाले नाही. कोकणच्या आर्थिक इतिहासाची साधने प्रामुख्याने जमीनधारा, भातपीक, नारळ-सुपारी, बंदरे आणि मुंबईकडे झालेले स्थलांतर यांविषयी बोलतात. मागील दारी दाणे टिपणाऱ्या चार-सहा कोंबड्यांचा हिशेब घरातील स्त्रीच्या तोंडी असे, त्यामुळे तो कोणत्याही दप्तरात सहसा उतरला नाही. 'पाळण्यास उत्तम कोंबडी कोणती?' हा प्रश्न आज पशुसंवर्धनाचा समजला जातो. वास्तविक तो सामाजिक इतिहासाचाही प्रश्न आहे, कारण निरनिराळ्या काळी त्याचे उत्तर निरनिराळ्या व्यक्तींनी, निरनिराळ्या निकषांवर दिले आहे. प्रस्तुत निबंधात रत्नागिरी जिल्ह्याच्या संदर्भात या निवडीचा मागोवा घेण्याचा प्रयत्न केला आहे.

रानकोंबडा ते ग्रामकुक्कुट

चार्ल्स डार्विन याने 1868 मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात पाळीव कोंबडीचा पूर्वज तांबडा रानकोंबडा होय, असे प्रतिपादन केले. त्यासाठी त्याला कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या संग्रहालयाचे अभिरक्षक एडवर्ड ब्लिथ यांच्या माहितीचे मोठे साहाय्य झाले होते. 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासाने या प्राण्याचे मूळ अधिक नेमके केले असून नैर्ऋत्य चीन, उत्तर थायलंड व म्यानमार या पट्ट्यातील उपजातीकडे निर्देश केला आहे. ब्रह्मदेशाचा पदच्युत राजा थिबा 1886 ते 1916 या काळात रत्नागिरीत नजरकैदेत होता. त्याच्या मुलखातील हा पक्षी मात्र त्याच्या कितीतरी शतके आधी येथे येऊन स्थायिक झालेला होता!

सह्याद्रीचा वाटाही यात नाही असे नाही. घाटातील जंगलात आजही आढळणारा करडा रानकोंबडा ही वेगळी प्रजाती आहे. पाळीव कोंबडीच्या पिवळ्या त्वचेस कारणीभूत असलेले जनुक या करड्या रानकोंबड्याकडून आले असावे, असे 2008 मधील संशोधनाने दाखविले. परदेशी म्हणून गौरविल्या गेलेल्या पिवळ्या पायांच्या लेगहॉर्नच्या अंगातही दक्षिण आशियाई रानाचा अंश आहे, हे यावरून लक्षात येते.

मनुस्मृतीने ग्रामकुक्कुटाचे मांस द्विजांस निषिद्ध ठरविले. गावात पाळलेली कोंबडी सर्रास आढळत असल्याखेरीज असा निषेध करण्याचे कारण पडत नाही. कोकणातही ब्राह्मण घरांच्या अंगणात कोंबडी दिसत नसे. कुणबी, मराठा, भंडारी, गाबीत, खारवी, मुस्लिम आणि दलित वस्त्यांत मात्र तिच्याशिवाय परसू पुरे होत नसे.

निवडीचे जुने निकष

शिरगणती वा जातिवंतपणाची नोंद नसली, तरी निवड नव्हती असे समजणे चुकीचे ठरेल. जुन्या पिढीतील स्त्रिया कोंबडीची पारख करताना पहिला प्रश्न विचारीत तो 'खुडूक नीट बसते का?' हा होय. गावठी कोंबडी वर्षाकाठी साधारण पन्नास-साठ अंडी देते, तीही तीन-चार हप्त्यांत. प्रत्येक हप्त्यानंतर ती खुडूक होते. आधुनिक उत्पादनशास्त्राच्या दृष्टीने हा दोष आहे. घरच्या बाईच्या दृष्टीने तोच गुण होता. दहा-बारा अंडी भाताच्या तुसावर मांडून कोंबडी रवणाला बसविली, की एकवीस दिवसांनी पिल्ले मिळत. विकत आणण्याचा प्रश्न नव्हता. प्रस्तुत लेखकाची आजी रवणाच्या टोपलीत लोखंडाचा तुकडा ठेवीत असे. विजेच्या गडगडाटाने अंडी पोकळ होतात, अशी तिची श्रद्धा होती. तिच्या श्रद्धेचे शास्त्र तपासण्याचे हे स्थळ नव्हे. परंतु पावसाळ्यात रवण घालू नये, दसरा-दिवाळीनंतर घालावे, हा तिचा दंडक मात्र पूर्णतः अनुभवसिद्ध होता. तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडणाऱ्या या मुलखात ओलीने गारठलेली पिल्ले टिकत नाहीत.

दुसरा निकष रंगाचा. घार, मुंगूस आणि रानमांजर यांच्या नजरेत पांढरे पीस चटकन भरते. जांभ्या दगडाच्या गडग्याशी मिसळून जाणारी तांबूस-काळी कोंबडी वाचते. कोंबड्याच्या बाबतीत रंगाला धार्मिक अर्थही होता. गावच्या राखणदाराला द्यावयाचा कोंबडा विशिष्ट रंगाचा असावा, असे अनेक ठिकाणी पाळले जाई. उलट्या पिसांच्या कोंबड्याला तर देवस्कीच्या व्यवहारात विशेष मागणी असे. अंधश्रद्धा म्हणून ही बाब सोडून देता येईल, परंतु तिचा एक परिणाम विचारात घेण्याजोगा आहे. उलटी पिसे आणि बोडकी मान ही दोन्ही लक्षणे शरीरावरील पिसांचे आच्छादन विरळ करतात, त्यामुळे पक्षी उष्ण-दमट हवा अधिक सोसतो. बरेलीनजीक इज्जतनगर येथील केंद्रीय पक्षी संशोधन संस्थेने याच लक्षणांचा उपयोग करून अनुक्रमे 'उपकारी' व 'हितकारी' हे संकर तयार केले. ही लक्षणे देशातील खेड्यापाड्यांत टिकून राहिली होती, म्हणून शास्त्रज्ञांना ती उपलब्ध झाली. ती टिकविणाऱ्यांत देवाला कोंबडा बोलणारी माणसेही होती, असे मानण्यास जागा आहे.

तिसरा निकष पैशाचा. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून जिल्ह्यातील पुरुष मुंबईच्या गिरण्यांत जाऊ लागले आणि घर मनिऑर्डरीवर चालू लागले. मनिऑर्डर नवऱ्याच्या किंवा सासऱ्याच्या नावाने मोजली जाई. अंड्यांचे आणि तलंगांचे पैसे मात्र बाईच्या कनवटीला राहत. ज्या घरी कोंबडी नसे तिला शेजारीण अर्ध्या वाट्याने एखादी तलंग पाळावयास देई. निघालेली पिल्ले दोघींत वाटली जात. भांडवल नसलेल्या स्त्रीला भांडवल मिळवून देणारी ही व्यवस्था कोणत्याही पतपेढीपेक्षा जुनी आहे, आणि ती खुडूक बसणाऱ्या कोंबडीवरच उभी होती.

परदेशी जाती आणि सरकारी धोरण

1840-50 च्या दशकांत इंग्लंड-अमेरिकेत मोठ्या आकाराच्या आशियाई कोंबड्यांचे वेड पसरले. त्या लाटेत ब्रह्मपुत्रेवरून नाव पडलेली 'ब्रह्मा' ही जातही होती. भारतातून गेलेल्या झुंजार असील कोंबड्यांच्या संकरातून कॉर्नवॉल प्रांतात 'इंडियन गेम' अर्थात कॉर्निश ही जात घडली. अमेरिकेतील 'उद्याची कोंबडी' या स्पर्धेत 1948 मध्ये कॉर्निश संकर विजयी ठरला आणि आजच्या ब्रॉयलरचा पाया घातला गेला. म्हणजेच चिपळूण किंवा खेडच्या बाजारात पिंजऱ्यात दिसणारा पांढरा ब्रॉयलर हा दूरच्या नात्याने असीलचाच वंशज आहे.

महाराष्ट्रात 1971 मध्ये पुण्यात व्यंकटेश्वरा हॅचरीज सुरू झाल्यानंतर व्यापारी कुक्कुटपालन झपाट्याने वाढले. रत्नागिरीच्या परसापर्यंत पोहोचल्या त्या मात्र ऱ्होड आयलंड रेड, बेंगळुरूच्या कृषी विद्यापीठात विकसित झालेली गिरिराजा, आणि हैदराबाद येथील कुक्कुट प्रकल्प संचालनालयाच्या वनराजा व ग्रामप्रिया. हे संचालनालय 1988 मध्ये स्थापन झाले. पुणे, कोल्हापूर, नागपूर व औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) येथे शासनाची मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्रे आहेत. वनराजा वर्षाला शंभरांहून अधिक अंडी देते, ग्रामप्रिया त्याहूनही पुष्कळ अधिक. गावठीच्या दुप्पट ते तिप्पट उत्पादन, वजन लवकर, पीस रंगीत. कागदावर वाद उरत नाही.

परसात तो उरतो. या कोंबड्या सहसा खुडूक बसत नाहीत, आणि हे अधिक अंड्यांचेच मोल आहे. संकरित पक्ष्यांची पुढील पिढी आईबापांच्या गुणांची निघत नाही, त्यामुळे दर खेपेस पिल्ले बाहेरून आणावी लागतात. पिल्ले आणणे म्हणजे तालुक्याला जाणे, अर्ज करणे, रोख रक्कम भरणे. आणि ही कामे पुरुषांच्या हातात जातात. सुधारित जातीने अंडी वाढविली हे निर्विवाद. परंतु अंड्यांचा पैसा कोणाच्या कनवटीला गेला, हा प्रश्न योजनांच्या मूल्यमापनात क्वचितच विचारला गेला, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

रोग आणि नोंद

गावठी कोंबडी काटक असते हे खरे, परंतु मानमोडीपुढे तिचा काटकपणा चालत नाही. हा रोग भारतात 1920 च्या दशकाअखेरीस राणीखेत येथे ओळखला गेला, म्हणून त्याला राणीखेत म्हणतात. मुक्तेश्वर येथील संस्थेत त्यावरील लस सिद्ध झाली. या लसीइतकी गावठी कोंबडीची सेवा कोणत्याही नव्या जातीने केलेली नाही. अडचण इतकीच, की लसीच्या कुपीत शेकडो पक्ष्यांची मात्रा असते आणि घरात कोंबड्या सहा. वाडीने एकत्र येऊन एकाच दिवशी लस टोचून घेतली तरच ती परवडते.

फेब्रुवारी 2006 मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे भारतातील पहिला बर्ड फ्लू आढळला आणि बाधित परिसरातील व्यापारी पक्ष्यांबरोबर परसातील कोंबड्याही मारल्या गेल्या. नवापूरचा हा भाग 'बसरा' या देशी जातीचा मूळ टापू आहे. बसरा नोंदणीकृत जात आहे, त्यामुळे तिचे काय झाले असे विचारता तरी येते. कोकणातील कन्याळ शेळी आणि कपिला गाय यांनाही राष्ट्रीय नोंदणी मिळाली असून, दापोलीच्या कृषी विद्यापीठाचे कन्याळच्या बाबतीतील कार्य सर्वश्रुत आहे. येथील कोंबडी मात्र नुसतीच 'गावठी' आहे.

2019 च्या विसाव्या पशुगणनेनुसार देशातील परसबागेतील पक्ष्यांची संख्या आधीच्या गणनेच्या तुलनेत सुमारे 46 टक्क्यांनी वाढून 31.7 कोटी झाली. व्यापारी पक्ष्यांतील वाढ मात्र केवळ साडेचार टक्के होती. परसातील कोंबडी संपत चालली आहे हा समज त्यामुळे टिकत नाही. मात्र परसात आहे ती कोणती, हे या बेरजेवरून कळत नाही.

दरम्यान रत्नागिरीच्या वाड्यांतून स्त्रियांनी स्वतःचा तोडगा काढलेला दिसतो. गिरिराजाची किंवा वनराजाची अंडी मिळवून ती गावठी कोंबडीखाली रवणाला घालतात. पिल्ले निघतात, वाढतात, शिमग्याला किंवा राखणेच्या वेळी विकली जातात. त्यांच्या पोटी काय निपजेल याची चिंता कोणी करीत नाही. खुडूक बसणारी ती एक जुनी गावठी कोंबडी मात्र, पाहुणा कितीही मोठा आला तरी, कापीत नाहीत.